अकरावा वाफा

१

मंगळवारी सकाळी सारजाबाईचा दोडका मेलेला सापडला.

कुणी उपटला नव्हता, कापला नव्हता. मांडवावर वेल जसाच्या तसा चढलेला, वीत-वीतभर दोडके लोंबत असलेला, पण सगळं अंग उकळत्या पाण्यातून काढल्यासारखं मऊ पडलेलं. खालच्या वांग्यांचीही तीच गत. मेथीचं तर वाळकं गवत झालं होतं. सारजाबाई बांधावर बसून एकेक दोडका तळहातावर घेत होती. तापातल्या पोराचा हात घ्यावा तसा.

मी त्या गावची ग्रामसेविका. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा, आणि माझी रेणू आठ महिन्यांची, कायम कडेवर. नळदुर्ग-उमरगा सडकेपासून तीन मैल आत असलेल्या त्या गावात प्यायचं पाणी टँकरनं यायचं. सोसायटीच्या गोदामामागं एक विहीर होती. तळाशी गढूळ पाणी, पिण्याजोगं नव्हे, पण भाजीला चालण्यासारखं. मी चेअरमन तात्यारावांच्या मागं लागून तिथं बारा वाफे पाडून घेतले होते. बारा बायका, संध्याकाळी प्रत्येकीला दोन घागरी. वाफे कुणाला कुठले, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, असा हट्टही माझाच. अकरावी चिठ्ठी निघाली सारजाबाईची, म्हणजे चेअरमनच्याच बायकोची. बारावी भिमाबाईची. भिमाबाई बौद्धवाड्यातली. तेव्हापासून काही घरांत माझ्या नावानं बोटं मोडली जात होती.

"ह्यात शोधायचं काय हाय?" सारजाबाईची सासू लक्ष्मीबाई काठी आपटत म्हणाली. "अकराव्याचा कोळसा झाला अन् बारावा हिरवागार. डोळे हायत न्हवं समद्यांना?"

सगळ्यांनी तिकडं पाहिलं. बाराव्या वाफ्यात आंबाडी आणि राजगिरा गुडघाभर उभे होते. कडेला भिमाबाई रिकामी घागर घेऊन उभी. तिनं घागर खाली ठेवली नाही.

तात्याराव गोदामाच्या दारातून म्हणाले, "बाई, हे वाफे तुम्ही आणलेत. शुक्रवारी सोसायटीची मीटिंग हाय. कुणी केलं ते तवर सांगा. न्हाय सांगता आलं, तर बारावा वाफा बंद. भिमाबाईनं विहिरीवर यायचं बी न्हाय."

२

बायका पांगल्यावर मी रेणूला गोदामाच्या सावलीत पोत्यावर बसवलं आणि वाफ्यात उतरले.

कीड नव्हती. मुळं शाबूत होती. माती तर चांगली ओली होती, आणि ओल्या मातीत उभं झाड तहानेनं मेल्यासारखं मेलं होतं. सुकलेल्या ढेकळांवर पांढुरका पापुद्रा धरला होता. आणखी एक गोष्ट मला खटकली. वाफा सारखा मेला नव्हता. चारही कोपऱ्यांत काहीच उरलं नव्हतं, मधोमध मात्र दोन वांग्यांच्या शेंड्यांना अजून हिरवी पानं होती. ज्याला वैर काढायचंय तो दोडक्याच्या बुडाशी जाईल. चार कोपरे कशाला धरील?

बांधावर, पाणी सांडून ओल राहिली होती तिथं, कसलेसे चार-पाच कोंब वर आले होते. दोन-दोन पानं, बदामाच्या आकाराची. मी वाटलेल्या बियाण्यात असलं काही नव्हतं. गवत असेल म्हणून मी त्यांच्याकडं काणाडोळा केला.

"बाई," मागून भिमाबाईचा आवाज आला. "मला काय इचारायचं असंल तर आत्ताच इचारा. मागनं घरी येऊ नका. गुलाबला कळाय नको."

गुलाब तिची लेक, सातव्या महिन्यात माहेरी आलेली. दिवस मावळला की तिला दिसत नव्हतं. उंबरठ्याला ठेचकाळायची, ताटातली भाकरी चाचपून घ्यायची. उमरग्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, औषधापेक्षा पालेभाजी द्या, रोज द्या. दुष्काळी कामावरच्या सुकडीवर जगणाऱ्या घरात पालेभाजी म्हणजे तो बारावा वाफा.

"तुम्ही हात लावला का अकराव्याला?"

"हात?" ती हसली. ते हसणं बघवत नव्हतं. "माझी घागर तर धोंडीबा वरनं भरतो, हातभर लांबनं. मी दुसऱ्याच्या वाफ्याला हात लावीन व्हय?"

"पण रोज तिथं उभ्या राहत होता, म्हणतात."

भिमाबाई माझ्याकडं बघत राहिली. "तुमीच सांगितलं होतं की बाई. सारजाबाईनं मांडव कसा घातलाय ते बघा, वेल कसा वळवलाय ते बघून शिका म्हणून. म्या बघत होते."

३

धोंडीबा विहिरीवरचा राखणदार. त्याचं आणि सारजाबाईचं वाकडं आहे, हे गावाला माहीत होतं. त्याची शेळी वाफ्यात शिरली म्हणून सारजाबाईनं तिला कोंडवाड्यात घातलं होतं. मी गेले तेव्हा तो शेळीच्या गळ्यातलं दावं नीट करत होता.

"आता आलाव व्हय माझ्याकडं? मला वाटलंच," तो म्हणाला. "म्या तिचा वाफा जाळला म्हणा अन् मोकळ्या व्हा. माझी शेळी बी साक्षीला हाय."

"शेळीनं काय काय खाल्लं होतं?"

"काईच न्हाय! त्योच तर माझा राग हाय. एक पान तोडलं न्हाय हो तिनं. एवढी मेथी समोर, अन् ही येडी कोपऱ्यात माती चाटीत हुबी. माती चाटल्याबद्दल कोंडवाडा! कुठल्या कायद्यात हाय सांगा."

"वाफ्यांकडं अवेळी कुणी येतं?"

"अवेळी कुणी न्हाय. शनवारी पहाटे तेवढी चेअरमनची म्हातारी येऊन जाती. सुनंच्या वाफ्याला राम राम करती अन् जाती. म्हातारं माणूस, कोण इचारतंय?"

परत येताना दहाव्या वाफ्यात मथुराबाई भेटली. सारजाबाईची ही थोरली जाऊ, वेगळी निघालेली. तिच्या भेंडीची एक कड पिवळी पडली होती, अकराव्याच्या बाजूची.

"मला काय इचारताव?" ती भेंडी तोडत म्हणाली. "धाकटीचं सुख बघून माझ्या पोटात दुखतंय, हे समद्या गावाला ठावं हाय. पर त्या दुखण्यापायी माझी भेंडी म्या पिवळी करीन व्हय? आमच्या आत्याबाईला इचारा. म्हातारपणी लई देवदेव चाललंय. दर शनवारी अंधारात मारुतीला जातेत म्हणं."

"मारुती तर गावाच्या उगवतीला आहे," मी म्हणाले.

"आन् हे गोदाम मावळतीला. म्हणूनच म्हणते, इचारा."

माझ्या डोक्यात मात्र शेळी होती. मेथी सोडून माती चाटणारी शेळी. मी पुन्हा अकराव्यात उतरले, कोपऱ्यातली चिमूटभर माती उचलली आणि कुणी बघत नाही असं पाहून जिभेवर ठेवली.

खारट. नुसती खारट नव्हे, मीठच.

४

पाणी खारं म्हणावं तर बाराही वाफ्यांना तेच पाणी. तेव्हा मीठ हातानं आलं होतं, आणि मूठभर नव्हे.

शिवलिंगप्पाचं किराणा दुकान गावात एकच. मला पाहून त्यानं रेणूच्या हातात गुळाचा खडा दिला.

"मीठ? मीठ कोण नेत नाही, ताई? कितीबी गरीब असला तरी मीठ नेतो."

"नेहमीपेक्षा जास्त कुणी नेलं?"

तो वजनं पुसत बसला. सांगावं की नाही, ते त्याच्या पुसण्यात दिसत होतं.

"मला भांडणात घालू नका. पाच आठवडे झाले. दर शुक्रवारी शेरभर खडे मीठ. मागले दोन शुक्रवार दोन-दोन शेर. मी म्हणलो पण, अगं, लोणचं घालतीस काय? आंबा तर कुठं नाही या साली. काही बोलली नाही."

"कोण बोलली नाही?"

"भिमाबाई," शिवलिंगप्पा म्हणाला.

५

घरी येऊ नका, असं मला भिमाबाईनंच सांगितलं होतं. तरी मी गेले. गुलाब दारात बसून आंबाडीची पानं खुडत होती. दुपारच्या उजेडात तिचे डोळे इतके नितळ दिसत होते, की संध्याकाळी ते तिला सोडून जातात यावर विश्वास बसू नये. तिनं रेणूला मांडीवर घेतलं. मी आणि भिमाबाई घरामागं गेलो.

"मीठ तुम्ही नेलं, भिमाबाई."

"व्हय."

एवढंच. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. मला तिनं नाही म्हणायला हवं होतं.

"सात शेर मीठ! कशाला? अन् मला सांगितलं का नाही?"

"तुमी मिठाचं इचारलंच कुठं? हात लावला का म्हणलाव. न्हाय लावला." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "लक्ष्मीबाईनं आणाय सांगितलं. पैसं तीच देती. शुक्रवारी दुकानातनं आणायचं अन् त्यांच्या परड्याच्या भिंतीवर ठिवायचं. मोठ्या घरचं काम, न्हाय कसं म्हणू? आतापतुर मला वाटत होतं, जनावराला घालत असतील."

"त्यांच्याकडं जनावर उरलंय कुठं? छावणीत पाठवली सगळी."

भिमाबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत होतं. तिला माझ्या आधी कळलं असावं, असं आता वाटतं.

मी तडक सारजाबाईकडं गेले. ती स्वयंपाकघरात होती, डोळे रडून सुजलेले.

"सारजाबाई, भिमाबाईनं आणलेलं मीठ घरात कुठं ठेवता?"

ती दचकली. "काय बोलताव बाई! आमच्या चुलीला तिच्या हातचं मीठ? आत्याबाई घर डोक्यावर घेतील." तिनं कोपऱ्यातल्या रांजणाचं झाकण काढलं. रांजण गळ्यापर्यंत भरलेला. "दिवाळीतच सोलापूरहून गोणी आणलीया. आमाला गावातलं मीठ लागतंच कुठं?"

६

ज्या घरात मिठाचा रांजण भरलेला आहे, त्या घरची म्हातारी दर शुक्रवारी मीठ मागवते. जिच्या हातचं चुलीला चालत नाही, नेमकी तिच्याच हातून. का?

बुधवार असाच गेला. गुरुवारी सकाळी मी रेणूला न्हाऊ घातलं. धुरी दिली, अंगडं चढवलं, आणि काजळाच्या डबीत बोट बुडवून तिच्या गालावर तीट लावली. रोजची सवय. त्या दिवशी मात्र बोट गालावरच राहिलं.

हे मी का करते? कुणाची नजर लागू नये म्हणून. तीट विसरली आणि पोर किरकिरली, की माझी आई काय करायची? मुठीत मीठ-मोहरी घेऊन ओवाळायची आणि चुलीत टाकायची. जिचा संशय असेल तिच्या पायाखालची मातीसुद्धा त्यात घालायची.

मीठ आणि मोहरी.

मी रेणूला तशीच उचलून गोदामाकडं पळाले. बांधावरचे ते कोंब दोन दिवसांत बोटभर झाले होते. मी एक पान चुरगाळून नाकाशी धरलं. तिखट वास सरळ डोळ्यांत चढला. मोहरीच होती. मग कोपरा उकरला. हातभर खाली अर्धवट विरघळलेले खडे, आणि त्यांत लाल मिरचीची देठं.

७

लक्ष्मीबाई परड्यात बाजेवर बसली होती. मी मुठीतले खडे आणि मिरचीची देठं तिच्यासमोर बाजेवर ठेवली.

"आजी, मारुती उगवतीला आणि तुम्ही दर शनिवारी मावळतीला. वाफ्याची दृष्ट काढत होता ना?"

तिनं लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नव्हतं.

"काढली तर काय चुकलं? सून माझी सकाळ-संध्याकाळ त्या वेलापाशी. मूलबाळ न्हाय तिला. त्याला लेकरावानी जपायची. अन् ती भिमी रोज हुबी ऱ्हाऊन डोळे फाडफाडून बघायची. पयल्यांदा पानं पिवळी पडली, तवाच म्या वळखलं."

"मीठ तिच्याच हातून का?"

"जिची नजर, तिच्या हातचं मीठ लागतंय. माझ्या सासूनं शिकवलंया. लेकराची काढली तर चुलीत टाकतेत. तिथं कुठली चूल? म्हणून चार कोपऱ्यांत पुरलं."

"शेवटी दुप्पट का केलं?"

"वेल मान टाकाय लागला की! म्हणलं, नजर लई जहाल हाय, शेरानं उतरायची न्हाय."

मी खाली बसले. आता सगळं सरळ दिसत होतं. पहिली पानं पिवळी पडली असतील ती उन्हानं, कुणाचीही पडतात. त्यावर शेरभर मीठ. मिठानं वेल सुकला, म्हणून सारजाबाईनं लाडानं जास्त पाणी घातलं. चेअरमनच्या बायकोला दोनाच्या चार घागरी कोण नाही म्हणणार? पाण्यानं मीठ मुळांपर्यंत नेलं. वेल आणखी सुकला, म्हणून दुप्पट मीठ.

"आजी, झाडाला मीठ म्हणजे विष. वेल नजरेनं मेला नाही. तुमच्या मिठानं मेला."

म्हातारीनं एक खडा उचलला, बोटांत फिरवला. क्षणभर तिचा चेहरा हरवल्यासारखा झाला. तेवढ्यात आतून सारजाबाईचा हुंदका आला. ती दाराआड उभी राहून ऐकत होती. लक्ष्मीबाईनं तो आवाज ऐकला आणि खडा फेकून दिला.

"माझ्या हातनं न्हाय मेला," ती म्हणाली. "तिनं बघितलंच नसतं, तर म्या मीठ पुरलं असतं का?"

८

शुक्रवारी मीटिंगच्या आधी तात्यारावांनी मला गोदामात बोलावून घेतलं. माझा अहवाल त्यांच्या हातात होता, चार पानं, वाफ्याच्या नकाशासकट.

"डोकं हाय तुम्हाला," ते मनापासून म्हणाले. "पण हे वाचायचं न्हाय. माझ्या आईचं नाव मीटिंगमधी निघणार न्हाय. भिमाबाईचं बी निघणार न्हाय, झालं? वाफा उन्हानं जळाला असं लिहा."

"आणि वाफ्याचं?"

"तिचा वाफा कोण काढून घेतंय? फक्त अदलाबदल. सारजा जेवत न्हाय चार दिवस. बारावा तिला, अकरावा भिमाबाईला. वाफ्याला वाफा मिळाला, तक्रार कसली?"

"अकराव्यात मीठ आहे, साहेब. तिथं काही उगवणार नाही. तिची लेक..."

"बाई." त्यांनी रेणूच्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी मायेनं. "लहान लेकरू हाय तुमचं. मालक उमरग्याला नोकरीला. लांब परांड्याकडं बदली झाली, तर कसं करताल?"

मी दुसरा कागद घेतला. वाफा उन्हानं जळाला, असं लिहिलं. खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात.

मीटिंगमध्ये अदलाबदल टाळ्यांनी मंजूर झाली. भिमाबाई दूर दाराबाहेर उभी होती. सारजाबाई मान वर करून एकदा तिच्याकडं बघेल असं मला वाटलं होतं. तिनं बघितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी मी वाफ्यांवर गेले. बाराव्यात सारजाबाईनं आंबाडी उपटून दोडक्याचं नवं बी टोकलं होतं. अकराव्यात भिमाबाई खुरप्यानं वरची माती खरवडून पाटीत भरत होती. टिपूस नसलेल्या वर्षात मीठ धुऊन जायला पाऊस नव्हता, म्हणून ती ते पाटी-पाटीनं वाहून नेत होती. बांधावर गुलाब बसली होती. दिवस मावळायला टेकला होता, आणि तिनं आतापासूनच आईच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

"एकट्या किती काढाल?" मी म्हणाले.

"माझ्याच हातचं हाय," भिमाबाई म्हणाली. "घोळीची भाजी येती म्हणतेत खाऱ्या मातीत. बघू."

तेवढ्यात रेणूनं तिला ओळखलं. दोन्ही हात पसरून तिच्याकडं झेपावली. एरवी भिमाबाई पाटी टाकून तिला उचलून घ्यायची, तोंडाशी तोंड नेऊन बोबडं बोलायची. आज ती मागं सरली आणि तिनं तोंड फिरवलं.

"तीट लावलीया न्हवं बाई लेकराला?"

मी पदराचं टोक ओलं करून रेणूच्या गालावरचं काजळ पुसलं. घासून पुसलं, गाल लाल होईपर्यंत.

"बघा तिच्याकडं, भिमाबाई. बघा ना."

ती पाटी डोक्यावर घेऊन निघाली. पदर कपाळावरून पार भुवयांखाली ओढलेला, नजर आपल्या पावलांपुढच्या हातभर जमिनीवर. कुणाच्या वाफ्यावर पडू नये म्हणून. पाठोपाठ, पदराचं दुसरं टोक धरून, काही न दिसणारी गुलाब. अकरा बायका हातातली घागर थांबवून बघत होत्या. त्यांच्या बघण्यानं कुणाचं काही जळत नव्हतं.